उत्तरेची खिडकी

दुपारी दोनला लावण्याचा फोन.
विनिपेगमध्ये तेव्हा रात्रीचे साडेतीन.
झोपली नाहीस? विचारलं, तर म्हणाली,
मामा, दोन काचा घेऊ की तीन?

साखर पेठेत त्रेचाळीस अंश.
लाइट गेलेली. स्टँडवरच्या काचांना
हात लावला तर चटका बसतो.
समोर हत्तुरे उभे, पश्चिमेच्या खिडकीला
काळीकुट्ट काच मागत:
'दिवस दिसला नाही तरी चालंल, ऊन नको.'
त्यांना थांबा म्हटलं
आणि कानाला उणे तीस लावून बसलो.

ती कोटेशन वाचून दाखवत होती.
दोन काचांच्या मध्ये भरलेला वायू, नाव आर्गॉन.
काचेवर चांदीचा थर, डोळ्याला न दिसणारा.
एक आकडा, जितका लहान तितका चांगला.
तिसऱ्या काचेचे पैसे वेगळे,
वजन वेगळं, बिजागरीही वेगळी.

चाळीस वर्षं हिरकणी फिरवली मी काचेवर.
पण थंडी?
थंडी म्हणजे आमच्याकडं
गड्ड्याच्या जत्रेला घालून निघालेला स्वेटर,
येताना जो हातातच असतो.

खरी थंडी बघितली ती एकदाच,
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये.
दाराला दुहेरी काचेचा झरोका बसवला होता, हातभर.
दोन वर्षांत धुकं धरलं.
आतून पुसलं, बाहेरून पुसलं,
धुकं दोन्हींच्या मध्ये.
चिडगुपकर शेठ काही बोलले नाहीत,
पुढच्या बिलातून पैसे तेवढे कापले.
खोलून बघितलं तर काचा शाबूत,
कडेच्या पट्टीचं चिकट सुटलेलं.

म्हणून सांगतो लावण्या, काच नंतर बघ.
आधी काठ बघ.
तुझे आजोबा मागावरनं चादर उतरली की
मोर बघायचे नाहीत, फुलं बघायचे नाहीत,
किनार दोन बोटांत धरून ओढायचे.
कडेला ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर नको म्हण.
थंडी तिच्यावरूनच चालत आत येते.

उत्तरेला तीन घे.
तिकडनं ऊन येतच नाही म्हणतेस, मग जाऊ देत पैसे.
दक्षिणेला दोन पुरतील,
पण थर असा माग की ऊन आत येऊ दे
आणि ऊब बाहेर जाऊ नये.
हे मी जरा मोठ्यानं बोललो बहुतेक.
हत्तुरे बघत राहिले.
याच तोंडानं मघाशी त्यांना
सूर्य उंबऱ्याबाहेर ठेवायची गॅरंटी दिली होती.

आणि ऐक, माल आला की सही करायच्या आधी
काडी ओढ, काचेसमोर धर.
एका काचेत दोन ज्योती दिसतात, तीन काचांत सहा.
मोज.
त्यातली एक वेगळ्या रंगाची असेल, थर तिथं.
सगळ्या सारख्याच दिसल्या
तर ट्रक परत पाठव.

सप्टेंबरात व्हिडिओ आला.
अंधार, तिचा अंगठा, एक मेणबत्ती,
काचेत एकामागे एक सहा ज्योती.
दुसरी जांभळट. पाचवीसुद्धा.
मामा, दोन रंगीत आहेत, तू एक म्हणाला होतास.
हे मला माहीत नव्हतं. तसंच कळवलं.
मागे नळाचा आवाज, कुणाचं तरी बाळ,
आणि खिडकीपलीकडं काय आहे
ते दिसत नव्हतं.

पुन्हा लावला व्हिडिओ, पुन्हा मोजल्या.
मग अर्धं शटर ओढून घेतलं,
दुकानातल्या साध्या चार एमएमच्या काचेपुढं
मीही एक काडी ओढली.

दोन.